थेंबांतली पीसीआर: थेंब कशासाठी?

साधी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवण्याची पद्धत) असताना नमुन्याचे थेंब कशाला करायचे, असा प्रश्न पडतो. हव्या त्या डीएनएचे रेणू किती, त्याच्या मोजणीसाठी! 20 मायक्रोलीटर मिश्रणाचे तेलात सुमारे 20,000 थेंब होतात, प्रत्येक जेमतेम एक नॅनोलीटरचा. पीसीआर झाली की थेंब एकामागोमाग प्रकाशझोतासमोरून जातात. ज्यात हवा तो डीएनए होता तो चमकतो, बाकीचे मंदच राहतात. एखाद्या थेंबात दोन-तीन रेणूही असतात, म्हणून नुसते चमकणारे मोजून भागत नाही. रिकाम्या थेंबांच्या प्रमाणावरून प्वासाँच्या संभाव्यतेच्या सूत्राने खरी संख्या काढतात. माझ्या मते मोठं श्रेय मात्र तेलातल्या सर्फॅक्टंटचं (साबणासारखं, थेंबांभोवती थर धरणारं द्रव्य). 95 अंशांवर तापूनही थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, ते त्याच्यामुळेच. थेंब असे वेगळे राहिल्याने एखादा रेणूही दिसून येतो; कर्करोग्याच्या रक्तातला गाठीचा तुरळक डीएनए शोधायला म्हणूनच ही पद्धत वापरतात.