मुख्य पानावर न येणाऱ्या सांस्कृतिक बातम्या नियमित कशा मिळवाव्यात?

कोरांटी

जर्मनीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळासाठी दर रविवारी दहा दुव्यांचं टिपण काढायचं ठरलंय. अट एवढीच की मोठ्या वृत्तस्थळांच्या मुख्य पानावर आलेलं काही घ्यायचं नाही. झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं, बोहाडा (मुखवटे घालून सोंगं नाचवायचा आदिवासी भागातला उत्सव), पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), जात्यावरच्या ओव्या, बोलीभाषांचे उपक्रम असं हवंय, आणि जगातलंही याच जातीचं काही.

अडचणी अशा: गूगल अलर्ट लावला की आठवड्याला दोन-तीन दुवे येतात, त्यातले निम्मे हिंदी. रेडिटवर भारत म्हटलं की राजकारण आणि क्रिकेट. व्हॉट्सअ‍ॅपवरून येतं ते बरंचसं जुनंच निघतं. रोज अर्धा-पाऊण तास देता येईल. स्रोत कोणते आणि मांडणी कशी करावी, नेमकं सांगा. "सोशल मीडियावर सक्रिय राहा" छापाचे सल्ले नकोत.

---

खलबत्ता

आधी अलर्टचं बघू, कारण दोष बहुतेक तिथेच आहे.

अलर्ट तयार करताना खाली पर्याय उघडतात. "किती निकाल" इथे मुळात "फक्त सर्वोत्तम" असं असतं, ते बदलून "सर्व निकाल" करा. तुम्हाला हवी असलेली बातमी गूगलच्या लेखी सर्वोत्तम कधीच नसते. "कुठे पाठवायचं" इथे मेलऐवजी आरएसएस फीड निवडा (स्थळावरचं नवं आपोआप आणणारी यादी, ती फीड वाचक नावाच्या साधनात उघडते). भाषा "कोणतीही" ठेवा आणि गाळणी शब्दांनीच लावा.

आता शब्द. नुसतं "बोहाडा" लावलंत तर "बोहाड्याची सोंगं", "बोहाड्यात रंगले" या बातम्या निसटू शकतात. मराठी सामान्यरूपं ओळखण्यात शोधयंत्रं कच्ची आहेत. आकारान्त, एकारान्त आणि ईकारान्त शब्दांना हा फटका जास्त बसतो: पुणे-पुण्यात, सातारा-साताऱ्याच्या, गोंधळी-गोंधळ्यांचा. म्हणून एका विषयाला एक शब्द न देता चार-पाच रूपं द्या आणि मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ओआर (OR) घाला. "बोहाडा", "बोहाडे", "बोहाड्याची", "बोहाड्यात", शिवाय काही भागांत "भोवाडा" म्हणतात तेही. प्रत्येक रूप अवतरणचिन्हांत.

झाडीपट्टीसाठी तर तो शब्द पुरतच नाही. स्थानिक बातमीदार "वडसा" (तिथलं गाव), "दंडार", "खडी गंमत" (तिथले लोकनाट्यप्रकार) असं लिहितात, कारण त्यांच्या वाचकाला झाडीपट्टी म्हणजे काय हे सांगायची गरज नसते. दूरच्या वाचकाला बातमी सापडत नाही त्याचं हे मोठं कारण. कलेच्या नावाऐवजी गावाचं, मंडळींचं, हंगामाचं नाव शोधा. झाडीपट्टीचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपतो. जून-जुलैत अलर्ट कोरडा गेला तर तो बिघडलेला नाही.

हिंदी गाळायला शोधात "आहे" किंवा "आणि" जोडा आणि उणे चिन्ह लावून "है" काढून टाका. दोन्ही भाषांत नावं सारखी असली तरी क्रियापद फसवत नाही.

आणखी एक खाच आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. "वारकऱ्यांचा" यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एक ऱ वापरून, दुसरा साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधात ते वेगळे धरले जाऊ शकतात. "दुसऱ्या", "कोऱ्या", "शेतकऱ्यांचे" असे शब्द असतील तर वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन्ही रूपं चिकटवून घ्या. शिवाय युनिकोड रुळण्याआधीची कित्येक मराठी पानं जुन्या खासगी फॉन्टांत आहेत. ती शोधात देवनागरी म्हणून येतच नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

---

उलटा_आकडा

खलबत्ता यांच्याशी सहमत. रेडिट आणि तत्सम ठिकाणी असं का होतं ते सांगतो, म्हणजे तिथे कुठे बघायचं ते कळेल.

रेडिटचा जो जुना कोड सर्वांसाठी खुला होता त्यात "हॉट" यादीचा हिशोब असा आहे: मतांचा लॉगॅरिदम अधिक वेळेचा गुण. लॉगॅरिदममुळे पहिल्या १० मतांचं वजन पुढच्या ९० मतांइतकं. वेळेचा एक गुण म्हणजे ४५,००० सेकंद, साडेबारा तास. म्हणजे साडेबारा तास जुन्या दुव्याला नव्याच्या बरोबरीला यायला दहापट मतं लागतात.

हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या दुव्यांच्या स्थळाचं प्रसिद्ध झालेलं सूत्र याहून कडक: मतांतून एक वजा करायचा, आणि तासांत वय अधिक दोन याच्या १.८ व्या घाताने भागायचं. आकडे घालून बघा. एका तासात १० मतं मिळालेला दुवा आणि दहाव्या तासाला ११० मतांवर असलेला दुवा एकाच उंचीवर येतात.

मग भारतातल्या एखाद्याने दुपारी बाराला टाकलेला बोहाड्याचा लेख बघा. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे अडीच, हिवाळ्यात दीड. पहिले निर्णायक तास मत देणारा वाचकच झोपलेला. लेख वाईट नसतो, तो कुणी बघितलेलाच नसतो.

त्यामुळे मुख्य यादी सोडा. रेडिटवर "टॉप" निवडून मुदत "आठवडा" करा, म्हणजे वेळेची शिक्षा निघून जाते. ज्या पत्त्यावर ती यादी दिसते त्याच्या मार्गात शेवटी बिंदू आणि आरएसएस ही अक्षरं जोडली की फीड मिळतो. हॅकर न्यूजवर "न्यूएस्ट" पान बघा, आणि "पूल" नावाचं पानही. हातून सुटलेल्या चांगल्या दुव्यांना दुसरी संधी द्यायला तिथले संपादक ते तिथे निवडून ठेवतात. मूळ विषय तंत्रज्ञान, पण जुने नकाशे, लिपी, हस्तलिखितं, लोकवाद्यं असलं बरंच तिथे सापडतं.

---

गावकूस

मला वाटतं मतांवर चालणाऱ्या जागांना तुमच्या रोजच्या वेळातली पाच मिनिटंसुद्धा देऊ नका. माणसांनी निवडलेलं वाचा.

मेटाफिल्टर, सदस्यांनी वेचलेल्या दुव्यांचं स्थळ, १९९९ पासून चालू. खातं काढायला ५ डॉलर घेतात, आणि तेवढ्यानेच जाहिरातबाजांची गर्दी आटोक्यात राहते. एका सदस्याला मुख्य पानावर दिवसाला एकच धागा. स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा टाकला तर हकालपट्टी. एका विषयावर सात-आठ दुवे गुंफलेले धागे येतात आणि खाली त्या क्षेत्रातली माणसं दुरुस्त्या करतात. वाचायला खातं लागत नाही.

आर्ट्स अँड लेटर्स डेली न्यूझीलंडमधले तत्त्वज्ञ डेनिस डटन यांनी १९९८ मध्ये सुरू केलं. लेख, पुस्तक परीक्षण, वैचारिक निबंध अशा तीन रकान्यांत रोज एकेक दुवा, वर दोन-तीन ओळींची चुरचुरीत ओळख. तुमच्या टिपणाला नमुना म्हणून हेच बघा. कल मात्र अँग्लो-अमेरिकन नियतकालिकांकडे आहे, तेवढं धरून चाला.

ग्लोबल व्हॉइसेस २००४ पासून. ज्या देशांवर मोठी माध्यमं फक्त भूकंप किंवा निवडणूक असेल तेव्हा लिहितात, तिथले स्थानिक लोक तिथल्या भाषांतल्या चर्चांवर लिहितात. अल्पसंख्य भाषांच्या उपक्रमांसाठी त्यांचा रायझिंग व्हॉइसेस हा विभाग वेगळा फीड म्हणून घ्या.

इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावरचं "तुम्हाला माहीत आहे का" हे सदर बरेच जण नुसतं चाळतात. तिथे यायला लेख मागच्या सात दिवसांत नवा झालेला, पाचपट वाढलेला किंवा "चांगला लेख" ठरलेला असावा लागतो, किमान १,५०० अक्षरांचा, आणि त्या एका वाक्याला संदर्भ हवाच. म्हणजे वाक्याबरोबर मूळ स्रोतही आयता मिळतो. मराठी विकिपीडियावर त्याऐवजी "नवीन पाने" ही यादी पाहा, तिचा फीड निघतो.

मराठीसाठी पहिलं नाव पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेलं, मराठी आवृत्तीही आहे. ओव्या हव्यात म्हणालात ना? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर हजारावर गावांतून जमवलेल्या लाखभर ओव्या पारीवर २०१७ पासून टप्प्याटप्प्याने येताहेत, आवाजासकट. एकेका भागावर आठवड्याचं टिपण उभं राहील.

पार्श्वभूमी लिहायला मराठी विश्वकोश. आणि मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे इथले जुने धागे: लेखापेक्षा खालचे प्रतिसाद वाचा. गावच्या जत्रेबद्दल दहा वर्षांपूर्वी कुणी लिहिलेला परिच्छेद आजच्या बातमीपेक्षा भरीव असतो. त्या स्थळांच्या आतल्या शोधावर विसंबू नका, गूगलमध्ये साइट (site:) हा निर्देश लावून शोधा.

---

कोरांटी

तिघांचेही आभार. दोन शंका. ज्या पानांवर फीडचं चिन्हच नाही त्यांचं काय? आणि जिल्हा आवृत्त्या ई-पेपरवर चित्ररूपात असतात, त्या शोधात येत नाहीत. त्यांचं पान पीडीएफ करून टिपणाला जोडलं तर चालेल का?

---

खलबत्ता

चिन्ह नसलं तरी फीड बहुधा असतो. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फीड लिहा. एकाच विभागाचा हवा असेल तर त्या विभागाच्या पत्त्यापुढे तेच. सबस्टॅकलाही तसंच. ब्लॉगरला फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट असे तीन शब्द तिरक्या रेघांनी जोडून.

यूट्यूब तर अजिबात सोडू नका, कारण बोहाडा आणि दशावताराचं चित्रीकरण गावातली मुलं थेट तिथेच चढवतात, त्याची बातमी होतच नाही. वाहिनीच्या माहितीत "शेअर" खाली वाहिनीचा क्रमांक मिळतो, यूसी अक्षरांनी सुरू होणारा. यूट्यूबच्या फीडच्या पत्त्याच्या (youtube.com/feeds/videos.xml?channel_id=) शेवटी तो जोडून तो पत्ता फीड वाचकात घातला की काम झालं. फीडमध्ये ताजे १५ व्हिडिओच असतात, त्यामुळे धडाधड टाकणारी वाहिनी असेल तर आठवड्याने उघडून उपयोग नाही. टेलिग्रामच्या सार्वजनिक वाहिन्या खात्याशिवाय ब्राउझरमध्ये वाचता येतात, पत्त्यात वाहिनीच्या नावाआधी एस हे अक्षर आणि तिरकी रेघ घाला.

फीड वाचक कोणताही घ्या, पण ओपीएमएल निर्यात देणारा, म्हणजे तुमच्या सगळ्या फीडांची यादी एका फाइलीत उतरवून देणारा. गूगल रीडर हा फीड वाचक १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा ज्यांनी यादी उतरवून घेतली होती त्यांचं काही अडलं नाही. महिन्यातून एकदा ती फाइल मंडळातल्या आणखी कुणाकडे ठेवा.

पीडीएफ जोडू नका. तो सरळ प्रताधिकारभंग आहे. पान गूगल लेन्सने वाचून मथळा आणि गावाचं नाव तेवढं उचला, त्यावर शोध घ्या. बरेचदा तीच बातमी त्याच दैनिकाच्या संकेतस्थळावर मजकूररूपात, वेगळ्या मथळ्याखाली पडलेली असते. नसेल तर दैनिक, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक द्या आणि दोन ओळींत आपल्या शब्दांत सांगा. ई-पेपरचे दुवे काही काळाने मरतात किंवा वर्गणी मागतात, म्हणून हे चारही तपशील हवेतच.

---

मोडीवाला

व्हॉट्सअॅपवर जुनं फिरून येतं त्याबद्दल. टिपणात प्रत्येक नोंदीला दोन तारखा ठेवा: घटना कधीची आणि लेख कधीचा. दुसरी मिळते, पहिली मिळत नाही, अशी नोंद त्या आठवड्यात घेऊ नका.

फोटो असेल तर टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या स्थळावर टाकून "सर्वांत जुना" असा क्रम लावा. लेन्स सारखे दिसणारे फोटो दाखवतं, टिनआय तोच फोटो आधी कधी दिसला ते दाखवतं, कामं वेगळी आहेत. व्हिडिओसाठी इनव्हिडचं ब्राउझरमध्ये बसणारं जोडसाधन त्यातली ठळक चित्रं काढून देतं, मग ती शोधायची. मजकुराचं एखादं विचित्र वाक्य अवतरणांत घालून गूगलमध्ये बिफोर (before:) हा निर्देश आणि वर्ष द्या, फिरवलेला मजकूर लगेच उघडा पडतो.

"लुप्त होत चाललेली कला", "शेवटचा कलाकार" या शब्दांना हटकून थांबा. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये आणि झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा असे मथळे हमखास येतात. झाडीपट्टीत तर तिकीट काढून रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक आहे, लुप्त कसली! पुरस्काराची बातमी सगळीकडे असते, ती तुमच्या अटीत बसत नाहीच. त्याऐवजी त्याच कलेवर पुरस्काराच्या वर्षभर आधी कोण काय लिहीत होतं ते शोधा.

---

उलटा_आकडा

वेळेच्या हिशोबात: फीड तीन कप्प्यांत टाका. अलर्ट आणि जिल्हा पातळीवरचं रोज, दहा मिनिटं, फक्त मथळे. माणसांनी निवडलेलं एक दिवसाआड. यूट्यूब आणि धागे शनिवारी. रोजच्या कप्प्यात दिवसाला पन्नाससाठहून जास्त नोंदी यायला लागल्या की सर्वांत बोलका स्रोत काढा, नाहीतर पंधरा दिवसांत कप्पा उघडणंच बंद होतं. गावकूस यांचं मतांच्या जागांबद्दलचं म्हणणं मला पटत नाही, पण शनिवारी "टॉप, आठवडा" एवढंच बघितलं तर पाच मिनिटांचंच काम आहे.

---

गावकूस

शनिवारी पाच मिनिटं मान्य.

कोरांटी, टिपणात दुवा कुणाकडून मिळाला त्याचं श्रेय एका शब्दात देत जा. आणि पाठवण्याआधी प्रत्येक पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये "सेव्ह पेज नाऊ" करून ठेवा. स्थानिक वृत्तस्थळांचं डोमेनचं नूतनीकरण राहिलं की सगळं एका रात्रीत जातं. टिपणात दुवा मूळ पानाचाच द्या, जतन केलेला आपल्या तक्त्यात ठेवा.

---

कोरांटी

बोहाड्याचे पाचही शब्द लावून अलर्ट बदलला, "सर्व निकाल" केलं. "भोवाडा" घातल्यावर दुसऱ्याच कुठल्या नाचाचे दुवे येताहेत, ते कसे गाळू?

---

खलबत्ता

"भोवाडा" वेगळ्या अलर्टमध्ये काढा आणि त्याबरोबर "सोंगे", "सोंगं", "मुखवटे" यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे अशी अट घाला. तरी उरले तर जे गाव सारखं चुकीचं येतंय त्याचं नाव उणे करा. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ मात्र उणे करू नका, बोहाडा तिकडचाच.