टँडम सायकल: आम्ही दोघं नवीन, सुरुवात कशी करावी?

माळरान (छत्रपती संभाजीनगर)
दादाला लहानपणापासून दिसत नाही, पण सायकलचं वेड घरात सगळ्यात जास्त त्यालाच. ओळखीतल्या एका काकांनी त्यांची टँडम (दोघांनी मिळून चालवायची सायकल) वापरायला दिलीय. पुढे मी, मागे दादा. निघतानाच तोल जातो. मी पायडल थांबवलं की त्याच्या पायाला हिसका बसतो. दिवाळीनंतर दौलताबाद, खुलताबाद करत वेरूळ गाठायचं ठरवलंय. जमेल का? काय शिकावं आधी?

चाकोरी (जालना)
ताई, जमेल. पॅरालिंपिकमध्येसुद्धा दृष्टिहीन सायकलपटू टँडमवर मागेच बसतात, पुढे दिसणारा पायलट असतो.

हिसका बसतो कारण दोघांचे क्रँक (पायडलचे दांडे) एकाच चेनने बांधलेले. तुम्ही थांबलात की त्यांचेही पाय थांबले. म्हणून आधी बोला, मग करा. ‘सोड’ (म्हणजे पायडल थांबव), ‘गिअर’, ‘ब्रेक’, ‘डावीकडे’, ‘खड्डा’. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळ असते, दणका तिथेच जास्त बसतो. ‘खड्डा’ ऐकलं की दादांनी पायडलवर भार देऊन जरासं उठायचं. गिअर बदलताना दोघांनी पाय हलका ठेवायचा.

निघताना तुम्ही पाय फाकवून घट्ट उभ्या राहा, दोन्ही ब्रेक दाबलेले. दादांनी आधीच बसून दोन्ही पाय पायडलवर ठेवायचे, जमिनीला टेकवायचेच नाहीत. पायडल उलटं फिरवून तुमच्या उजव्या पायाखाली वरच्या बाजूला दादाच आणून देतील. (नडगी सांभाळा, पायडल जोरात लागतं.) मग ‘चल’ म्हणा आणि दोघं एकदम जोर लावा. थांबल्यावर पाय आधी तुमचे टेकतील, ‘उतर’ म्हटल्याशिवाय दादांनी हलायचं नाही. हे एवढंच मोकळ्या मैदानात घोटा. रस्त्यावर नंतर.

बाभूळकाटा (बीड)
वरचं सगळं पटलं, पण वेरूळची घाई नको. पहिले काही रविवार दौलताबादपर्यंतच जा, तेही उजाडताच. चढावर टँडम जड जाते, पण माझ्या मते खरी काळजी उताराची. दोघांचं वजन घेऊन ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, परत दाबा. वळण एकट्या सायकलपेक्षा रुंद घ्यावं लागतं.

आपल्याकडे बाभळीचे काटे, तेव्हा दोन ट्यूब आणि पंप हवाच. दोन क्रँकमधली चेन ढिली असेल तर मेकॅनिककडून आधी ताणून घ्या.

माळरान
खूप आभार दोघांचे. आज विद्यापीठाच्या आवारात फक्त निघणं-थांबणं केलं. दादा म्हणाला, ‘तू सांगतेस तेव्हा भीती वाटत नाही, गप्प असतेस तेव्हाच वाटते.’ डिस्क ब्रेक नाहीत, साधे आहेत. खुलताबादहून उतरताना जास्तच तीव्र वाटलं तर सायकल हातात धरून चालत आलो तर चालेल ना?

बाभूळकाटा
चालेल की. पण सायकल वाहनांच्या बाजूला धरा आणि दादा तिच्या आतल्या बाजूला, रस्त्याच्या कडेने. सुट्टीच्या दिवशी तिथे पर्यटकांच्या गाड्या फार असतात.