संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाचा आमच्या गावातल्या बाईला काय उपयोग?

प्रश्न : अंगणवाडी सेविका, चोपडा तालुका

२५ नोव्हेंबरला बचत गटापुढे महिला हिंसाचार निर्मूलन दिनावर बोलायचंय. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९६० साली हुकूमशहाच्या माणसांनी मिराबाल बहिणींना मारलं, म्हणून ही तारीख. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांनी ती पाळायचं ठरवलं. एवढं वाचलं. पण तेव्हा कपाशीची वेचणी ऐन भरात असते. बायका दिवसभर वाकून, बोटं सोलून येणार. त्यांना मी परदेशातले ठराव वाचून दाखवू?

त्यातली एक पोळ्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पोराला घ्यायला आली, पदर गालापर्यंत ओढलेला. पोरानं पदर धरून ओढला आणि गाल दिसला, काळानिळा. तक्रार का करत नाहीस विचारलं, तर म्हणाली, ‘सासू म्हनस, हाई मना आंडोरनं घर शे, तू निंघी जाय.’ म्हणजे, हे माझ्या मुलाचं घर आहे, तू निघून जा. भाऊही तिला माहेरी ठेवून घेत नाही.

उत्तर : वकील, अमळनेर

ताई, तिच्या सासूच्या वाक्याला उत्तर त्याच ठरावांतून आलंय. स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा करार, ‘सीडॉ’, १९७९चा. भारतानं तो १९९३ मध्ये मान्य केला. मूळ करारात हिंसाचाराचा स्पष्ट उल्लेखच नव्हता. बाईला मारणं हाही भेदभावच, हे त्याच्या समितीनं १९९२ मध्ये लिहिलं. पुढे १९९७ मध्ये विशाखा खटल्यात कामाच्या जागच्या छळावर आपल्याकडे कायदा नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं याच कराराच्या आधारे नियम घालून दिले.

आता घराचं. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा कशातून आला, हे सांगताना सरकारनं व्हिएन्ना आणि बीजिंगचे जागतिक जाहीरनामे आणि सीडॉ यांचीच नावं घेतली. त्याचं कलम १७ तिला तोंडपाठ करून द्या: घर तिच्या नावावर नसलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षक, शहादा

वकीलताईंचं खरं आहे, पण माझ्या पुतणीच्या वेळी साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात असूनही वर्ष तारखांतच गेलं. करार तरी टिकतात का? इस्तंबूलमध्ये २०११ साली युरोपातल्या देशांनी असाच करार केला, आणि २०२१ मध्ये तुर्कस्तानच त्यातून बाहेर पडला. म्हणून ताई, त्या बाईला नुसता हक्क सांगून घरी पाठवू नका. संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाताना कोणीतरी सोबत असू द्या. पुतणी पहिल्यांदा एकटीच गेली होती, दारातूनच परत आली.

प्रश्नकर्ती

सर, सोबत मी जाईन. मिराबाल बहिणींचं थोडक्यात सांगते, बाकी वेळ घराच्या हक्कावर, तेही अहिराणीतच. तिला एकटीला थांबवलं तर गावभर होईल, म्हणून सगळ्यांसमोरच बोलते. संरक्षण अधिकाऱ्याचा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या पोराच्या वजनाच्या तक्त्यामागे लिहून ठेवलाय. वजन करायला यायला तिला कोणी हटकत नाही.

वकीलताई, अर्ज करताना तिच्याजवळ कुठले कागद लागतील? आधार कार्ड सासूच्या पेटीत आहे.