मारहाणीच्या भीतीने मुलाचा अभ्यास खालावला आहे, आधी काय करावे?

प्रश्न : एक आई, लोकमान्यनगर, इंदूर
माझा मुलगा सातवीत आहे. दिवाळीनंतर गणितातले त्याचे गुण एकदम उतरले, म्हणून आम्ही शिकवणी लावली. पण महिन्याभराने लक्षात आले की त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी परत येते. खोदून विचारल्यावर कळले की वरच्या वर्गातली तीन मुले त्याला स्वच्छतागृहात गाठून मारतात, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नाही. शाळेने "मुलांमध्ये एवढे चालायचेच" असे सांगून आम्हाला परत पाठवले. यजमान म्हणतात, त्यानेही दोन ठेवून द्याव्यात. मला ते पटत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, रामबाग
ताई, आधी ती शिकवणी थांबवा. मधल्या सुट्टीच्या घंटेची धास्ती घेऊन बसलेल्या मुलाच्या डोक्यात फळ्यावरचे उदाहरण धरून ठेवायला जागाच उरत नाही; हातचा विसरतो, तीच ओळ पुन्हा वाचावी लागते, रात्री झोप येत नाही आणि सकाळी पोट दुखते. अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकांत मी वर्षानुवर्षे "लक्ष देत नाही" असे लिहीत आले, याचे आज फार वाईट वाटते.

उत्तर : समुपदेशक
युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ तीनांतल्या एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्याभरात सोबत्यांकडून त्रास झाला होता. तेव्हा "चालायचेच" हे उत्तर मुळीच स्वीकारू नका. तारखा आणि जागा लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, पोच घ्या, आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी शिक्षक उभे राहावेत अशी नेमकी मागणी करा. मारणाऱ्या मुलांसमोर त्याला उभे करून समेट घडवू देऊ नका. घरी परतताना त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. शाळेने दाद दिली नाही, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. त्याच्या मनावरच्या ताणाबद्दल १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीशी मोफत बोलता येते.

मूळ प्रश्नकर्ती
यजमानांनी हे सारे वाचले आणि उद्या ते स्वतः माझ्यासोबत येणार आहेत. मात्र मुलगा रडून सांगतो आहे की अर्जात त्याचे नाव नको. नावाशिवाय अर्ज चालेल का?

उत्तर : समुपदेशक
देखरेखीच्या मागणीपुरता चालेल. ती उद्याच करा. नाव केव्हा आणि कोणाला सांगायचे, हे त्याला विचारूनच ठरवा.