हद्दबस्त मोजणीत बांध सहा फूट आमच्याकडे सरकला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, चंदगडच्या बाजूला. शेत १ एकर १२ गुंठे. पावसाळ्यात भात, माळाच्या कडेला रताळी. शेजारचं रान तात्यांचं. ते भाऊबंद नव्हेत, पण आज्जाच्या वेळेपासून दोन्ही घरांचा पैरा आहे. आमच्या पेरणीला त्यांची कुरी, त्यांच्या मळणीला आमची माणसं.

तात्यांच्या थोरल्या मुलाला कुंपण घालायचं आहे. त्यासाठी त्याने हद्दबस्तचा, म्हणजे हद्द मोजून खुणा करून घेण्याचा, अर्ज केला. सर्व्हेअर आले, मोजलं आणि आमच्या बाजूला चुन्याच्या खुणा केल्या. वर रस्त्याकडे काहीच फरक नाही, खाली ओढ्याकडे मात्र सहा फूट. बांध साधारण ३६० फुटांचा. म्हणजे पाचरीसारखा तुकडा जातो, हिशेबाने एक गुंठा. आज्जाने लावलेले दोन आंबे नेमके त्यातच येतात.

नोटीस कन्नडमध्ये होती. बाबांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मोजणी झाल्यावर कागद पुढे केला, त्यांनी सही केली. त्या रात्री ते जेवले नाहीत. "बांध कोरून खाल्ला असं कुणी आजवर आम्हाला म्हटलं नव्हतं," एवढंच बोलले.

आताच्या उताऱ्यावर १ एकर १२ गुंठे आहेत. १९५६ च्या आधीचा, मुंबई राज्याच्या वेळचा मराठीतला उतारा घरात आहे, त्यावरही तेवढेच. नव्या खुणा धरून आम्ही टेपने मोजलं तर १ एकर ११ गुंठेच भरतात.

मला विचारायचंय ते असं. बाबांची सही म्हणजे कबुली धरतात का? फेरमोजणी कुणाकडे मागायची? आणि रोहिणीत धूळवाफेची पेरणी करायची आहे, कुंपणाचे खांब तर बांधावर येऊन पडलेत. कोर्टात न जाता हे थोपवता येईल का? तात्यांशी बोलणं बंद व्हावं असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही.

प्रतिसाद १

मी खानापूर भागातला. आमचा असाच वाद कोर्टात गेला आणि वडील निकाल न बघताच गेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्या सहीच्या कागदाची नक्कल काढा आणि कन्नड नीट वाचणाऱ्याकडून शब्दन् शब्द समजून घ्या. मोजणीला हजर होतो एवढीच सही असेल तर ती कबुली नव्हे. शिवाय सर्व्हेअर हद्द दाखवतो, मालकी ठरवत नाही. ते काम दिवाणी कोर्टाचं. पण गप्प बसू नका. तालुक्याच्या भूमापन कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

तुमच्या लिहिण्यातली पाचर मला महत्त्वाची वाटते. वर शून्य आणि खाली सहा फूट, याचा अर्थ बहुतेक खालचा एखादा दगड चुकीचा धरला गेलाय. ओढ्याकाठचे दगड पुरात वाहतात, गाळात बुजतात. मूळ टिपणाची, म्हणजे पहिल्या मोजणीच्या वेळी काढलेल्या मापांच्या आराखड्याची, नक्कल मागा. त्यात साखळीची मापं असतात, ३३ फुटांची साखळी, १६ आणे म्हणजे एक साखळी. तुमचे आणि तात्यांचे, दोन्ही नंबरांचे टिपण काढा. तीन सर्व्हे नंबर मिळतात तिथला दगड शोधा आणि मोजणी तिथून ताडून बघायला सांगा. एकाच दगडावरून ओढलेली रेघ मान्य करू नका.

फेरमोजणीचा अर्ज तुमच्या नावाने मोजिणीत (कर्नाटक सरकारची मोजणीच्या अर्जांची संगणकीय व्यवस्था) करा, नाडकचेरीत म्हणजे जवळच्या महसूल कचेरीत घेतात. शक्य असेल तर दोघांनी मिळून करा. तोवर खांब रोवायचे नाहीत असं दोन पंचांसमोर लिहून घ्या. ऐकलंच नाही तर मात्र वकील गाठून मनाई मागा. कोर्ट आपला कमिशनर नेमूनही जागा मोजून घेऊ शकतं. आणि काहीही झालं तरी रागाच्या भरात हद्दीचा दगड उपटू नका. तो गुन्हा आहे, मग तुमची खरी बाजूही पडते.

धागाकर्ता

मनापासून आभार. खालच्या दगडाचं वाचून बाबा लगेच म्हणाले, त्यांच्या लहानपणी ओढ्याला मोठा पूर आला होता, तेव्हा तो कोपरा पूर्ण खचला होता आणि बांध आज्जा नि तात्यांच्या वडिलांनी मिळून पुन्हा घातला होता. त्या वेळी तात्या दहा-बारा वर्षांचे असतील, माती वाहायला तेही होते म्हणे.

सोमवारी टिपणाच्या नकलेला जायचं ठरवलंय. मुलाशी बोलण्याआधी तात्यांनाच बरोबर येता का म्हणून विचारतो. बाबा आता त्यांच्या अंगणातच जाऊन बसलेत.