मदत हवी आहे : कीवच्या रूसमधले स्मेर्द, झाकुप आणि खोलोप

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटासाठी मध्ययुगीन रूसमधल्या (कीव ही राजधानी असलेलं जुनं स्लाव्ह राज्य) शेतकऱ्यांवर टिपण लिहितेय आणि मराठी प्रतिशब्दांपाशीच अडलेय. रशियन जाणणाऱ्यांनी कृपया मदत करावी.

'रूस्काया प्राव्दा' या जुन्या कायद्यात स्वतंत्र माणसाच्या खुनाला 40 ग्रिव्ना (तेव्हाचं चलन) दंड आहे, राजाच्या कारभाऱ्यासाठी 80. स्मेर्द मात्र स्वतःचं घर, जनावरं बाळगणारा शेतकरी, तरी त्याची किंमत खोलोपाइतकीच, म्हणजे गुलामाइतकीच, 5 ग्रिव्ना! निदान या कायद्याच्या छोट्या संहितेतलं वाक्य तसं वाचलं जातं. काही अभ्यासक तिथे 'स्मेर्दाचा खोलोप' असा पाठ धरतात, म्हणजे अर्थच पालटतो. तुम्हाला कोणता पाठ पटतो, आणि का? शिवाय स्मेर्द मुलगा नसताना मेला तर मालमत्ता राजाकडे जाई. मग त्याला 'स्वतंत्र' म्हणावं का?

दुसरी अडचण झाकुपची. हा कर्ज घेऊन धन्याकडे राबणारा. पळाला तर कायमचा गुलाम, पण पैसे मिळवायला किंवा राजाकडे दाद मागायला उघडपणे गेला तर नाही. 1113 च्या कीवमधल्या उठावानंतर तिथला राजा व्लादिमिर मोनोमाखने व्याजावर मर्यादा घातली, झाकुपांचं संरक्षण करणारी कलमंही साधारण त्याच काळातली मानतात. मला उचल घेतलेला सालगडीच आठवतो, पण तो शब्द वापरला तर वाचकाची दिशाभूल होईल का? 'वेठबिगार' तर मला अजिबात पटत नाही.

खोलोपला 'गुलाम' लिहितेय. 'दास' बरा वाटेल का?