आय एल अँड एफ एस: बँका सावरल्या, पेटा कंत्राटदाराचे काय?

मांडवीकर

आय एल अँड एफ एस या २०१८ मध्ये बुडालेल्या वित्त आणि पायाभूत सुविधांच्या कंपनीचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते: सरकारने वेळेवर संचालक मंडळ बदलले म्हणून मोठा अनर्थ टळला. अनर्थ टळला हे मला मान्य आहे. तो कोणाच्या जिवावर टळला, हे मात्र कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सेंट्रल बँक, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी यांनी १९८७ साली उभी केलेली ही कंपनी. पुढे एलआयसी सर्वात मोठी भागधारक झाली, जवळपास पाव हिस्सा तिचा. स्टेट बँकही आत होती. रस्ते, बोगदे, वीज, सगळीकडे हात. जम्मू-श्रीनगर मार्गावरचा नऊ किलोमीटरचा चेनानी-नाशरी बोगदा यांच्याच कंपनीने केला. आपला बडोदे-हालोल टोल रस्तासुद्धा गुजरात सरकार आणि यांच्या भागीदारीतलाच. २०१८ मध्ये हप्ते चुकू लागले. ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए (सर्वात सुरक्षित) मिरवणारे पतमानांकन सप्टेंबरच्या मध्यावर डी (कर्ज थकवलेले) झाले. कर्ज ९० हजार कोटींच्या वर, गटातल्या कंपन्या तीनशेहून जास्त. १ ऑक्टोबरला केंद्र सरकार मुंबईच्या एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेले, जुने मंडळ गेले, बँकर उदय कोटक अध्यक्ष झाले. १५ ऑक्टोबरला अपिली न्यायाधिकरणाने पूर्ण गटाविरुद्धच्या वसुलीला स्थगिती दिली.

माझी हरकत या स्थगितीपासून सुरू होते. हजारो कोटी अडकलेली बँक आणि चार लाखांचे जेसीबीचे भाडे अडकलेला माणूस, दोघांना एकाच रांगेत उभे केले. बँकेकडे तरतूद असते, रिझर्व्ह बँक पाठीशी असते. जेसीबीवाल्याच्या मशिनचा हप्ता मात्र त्याच महिन्यात भरावा लागतो. त्याच्या फायनान्स कंपनीला कोणती स्थगिती? आणि त्याने खोदलेला रस्ता तर उभा आहे, त्यावर टोलही घेतला जातो आहे.

माझे म्हणणे एवढेच की सार्वजनिक कामात पेटा कंत्राटदाराचे (मुख्य कंत्राटदाराकडून खालचे काम घेणाऱ्याचे) आणि माल पुरवणाऱ्याचे पैसे मुख्य कंपनीच्या गल्ल्यात पडताच कामा नयेत. ते वेगळ्या खात्यातून थेट त्यांना जावेत. हे सरकारने २०१८ नंतर सक्तीचे करायला हवे होते. मंडळ बदलून दिवा विझण्यापासून वाचवला, पण तेल घालणाऱ्याला विचारले नाही.

रावपुरा सीए

मांडवीकर, कळकळ समजते, पण मांडणी एकांगी आहे. त्या वेळी सरकारसमोर पर्याय कोणते होते ते आधी बघा.

दिवाळखोरी संहितेत वित्तीय कंपन्यांसाठी दारच नव्हते. ते नियम नोव्हेंबर २०१९ मध्ये आले आणि त्यात पहिला नंबर डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा लागला. म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये एक तर अवसायन (कंपनी मोडीत काढून विकणे), नाही तर कंपनी कायद्याचे कलम २४१, म्हणजे न्यायाधिकरणाकडे जाऊन मंडळ बदलणे. सरकारने २००९ च्या, हिशेबाच्या घोटाळ्यात सापडलेल्या सत्यम कंपनीचा रस्ता धरला. तिथेही मंडळ बदलले आणि तीन-चार महिन्यांत कंपनी टेक महिंद्राकडे गेली. फरक एवढाच की सत्यम एक कंपनी होती आणि इथे साडेतीनशेचे जाळे, एकमेकांना कर्ज दिलेले.

स्थगिती नसती तर काय झाले असते? ज्याच्याकडे चांगला वकील तो पहिला. तुमचा जेसीबीवाला त्या शर्यतीत शेवटचा असता. नव्या मंडळाने कंपन्या हिरव्या, पिवळ्या, लाल अशा तीन गटांत लावल्या. हिरव्यांनी सगळे देणे द्यायचे. पिवळ्यांनी रोजचा खर्च आणि पहिल्या हक्काचे सुरक्षित कर्ज तेवढे द्यायचे. लाल म्हणजे तेवढीही ऐपत नाही. पिवळ्यातही रोजच्या खर्चाला जागा ठेवली होती, हे तुम्ही सांगितलेच नाही. शेवटी ६१ हजार कोटींच्या आसपास वसुली होईल असा मंडळाचा अंदाज आला. लाकडाच्या भावाने विकले असते तर याच्या जवळपासही पोचलो नसतो.

मांडवीकर

सीएसाहेब, पिवळ्या कंपन्यांचा मुद्दा बरोबर, पण तो पुढच्या कामाचा. १५ ऑक्टोबर २०१८ ही तारीख धरून त्याआधीचे जे देणे होते ते दाव्यात गेले. फॉर्म भरा, कागद जोडा, वाट बघा. ज्याने पावसाळ्याआधी माल टाकला होता तो या रेषेच्या चुकीच्या बाजूला राहिला, आणि ज्याने दिवाळीनंतर टाकला त्याला रोख मिळाले. खडी तीच, रस्ता तोच.

कागदाचे म्हणाल तर लहान माणसाकडे कागद कसले असतात ते सांगतो. माझ्या मेहुण्याचा कपचीचा (खडीचा) धंदा. एका रस्ते कंपनीने (आय एल अँड एफ एस नव्हे, दुसरीच) त्याचे पैसे दीड वर्ष लोंबकळत ठेवले होते, तेव्हा त्याची फाइल मी बघितली आहे. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, त्यांची शाई उन्हाने उडालेली. रॉयल्टी पास. साइटवरच्या सुपरवायझरने चलनाच्या पाठीवर मारलेली सही, नाव नाही, हुद्दा नाही. वर्क ऑर्डर एका पानाची, तीही व्हॉट्सॲपवर आलेली. तो सुपरवायझर नोकरी सोडून गेल्यावर सही कोणाची हेच कोणी सांगेना. असा माणूस तीनशे कंपन्यांच्या गटात आपला दावा कोणत्या कंपनीवर टाकणार? त्याला तर बोर्डावर दिसणारे एकच नाव माहीत असते.

आर अँड बी निवृत्त

मी रस्ते व इमारत खात्यात आयुष्य काढले आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे टोचणारे लिहितो.

खात्याच्या दप्तरी पेटा कंत्राटदार नावाचा प्राणी अस्तित्वातच नसतो. करार मुख्य कंत्राटदाराशी. मेजरमेंट बुकात मोजमाप त्याच्या नावाने, रनिंग बिल (झालेल्या कामाचे टप्प्याचे बिल) त्याच्या नावाने, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) त्याची कापलेली. खाली कोणी पुलाचे सळईकाम केले, कोणी भराव टाकला, हे साइटवर सगळ्यांना ठाऊक असते आणि कागदावर कुठेच नसते. मांडवीकर म्हणतात तसे थेट पैसे द्यायचे तर आधी त्यांची नोंद करावी लागेल, आणि मुख्य कंत्राटदाराला ती नको असते, कारण मग किती भावाने घेतले आणि किती भावाने खाली दिले ते उघडे पडते.

दुसरी अडचण दर्जाची. आज रस्ता खचला तर दोषदायित्वाच्या (काम बिघडल्यास कंत्राटदार जबाबदार असण्याच्या) मुदतीत मी मुख्य कंत्राटदाराची बँक गॅरंटी वटवू शकतो. उद्या त्या पेटा कंत्राटदाराला खात्याने थेट पैसे दिले, की मुख्य म्हणणार, तुमचा माणूस, तुम्ही पैसे दिलेत, तुम्ही बघा. जबाबदारी एका मानेवर असावी, या तत्त्वामागे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

तिसरी, आणि ही मांडवीकरांच्या उपायाला सर्वात भारी: बीओटीच्या (कंपनीने बांधून, टोल घेऊन, नंतर सरकारला सोपवायच्या) रस्त्यात खाते बिल देतच नाही. रस्त्यासाठी एक वेगळी कंपनी काढतात. ती बँकेकडून कर्ज घेते आणि बांधकामाचे काम बहुतेकदा आपल्याच मातृकंपनीला देते. मातृकंपनी खाली वाटते. आय एल अँड एफ एसच्या रस्त्यांत हेच होते. एस्क्रो खाते (ठरलेल्या क्रमानेच पैसे सोडणारे वेगळे खाते) असते, पण ते रस्त्याच्या कंपनीच्या पातळीवर आणि बँकांच्या सोयीने लावलेले. मातृकंपनीला पैसे पोचले की एस्क्रोचे काम संपले. त्याच्या खालचा माणूस उघड्यावर.

लंडनवाला बडोदेकर

इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या कॅरिलियन या बांधकाम आणि सेवा कंपनीचे उदाहरण दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे आय एल अँड एफ एसच्या आठ-नऊ महिने आधी, ही कंपनी बुडाली. शाळांचे जेवण, तुरुंगांची देखभाल, रस्ते, दोन मोठी रुग्णालये अर्धी बांधून झालेली. जगभरात ४३ हजार नोकर. इथल्या सरकारने कंपनी वाचवली नाही, थेट अवसायनात जाऊ दिली. पण सार्वजनिक सेवा चालू राहाव्यात म्हणून सरकारी अवसायकामार्फत पैसे पुरवले. सरकारला अंदाजे १४ कोटी ८० लाख पौंडांचा भुर्दंड पडेल असे नंतर इथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने काढले.

आता पेटा कंत्राटदारांकडे बघा. कॅरिलियन पैसे १२० दिवसांनी द्यायची. जवळपास ३० हजार पुरवठादार अडकले. ज्यांची सेवा सरकारला पुढे हवी होती त्यांना अवसायकाने पुढच्या कामाचे पैसे दिले, मागचे बुडाले. मांडवीकर ज्या रेषेबद्दल बोलतात ती रेषा इथेही होती, उलट जास्त क्रूर.

आणि सरकारची जी चूक मला सर्वात मोठी वाटते ती बुडण्याआधीची. जुलै २०१७ मध्ये कंपनीने ८४.५ कोटी पौंडांचा खड्डा जाहीर केला. त्यानंतर आठवडाभरात हायस्पीड रेल्वेच्या कामात तिला भागीदार म्हणून कंत्राट मिळाले. लिव्हरपूलचे रुग्णालय २०१७ मध्ये उघडायचे होते, ते २०२२ मध्ये उघडले.

रावपुरा सीए

म्हणजे वेगळ्या रस्त्याने गेलेले सरकारही तिथेच पोचले. माझा मुद्दा याने पक्का होतो: बुडालेल्या कंपनीत सगळ्यांना पुरेल एवढे नसतेच.

मांडवीकर

उलट माझा होतो. दोन्हीकडे मागचे पैसे बुडाले, कारण ते बुडणाऱ्या कंपनीच्या नावावर पडून होते. तिच्या नावावर आलेच नसते तर बुडाले कसे असते?

अलकापुरीची वैशाली

मी शक्यतो वाचते, लिहीत नाही. पण आता राहवत नाही.

तुम्ही सगळे बँका आणि कंत्राटदार यांच्यातच भांडता आहात. या कंपनीचे रोखे कोणी घेतले होते? कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या ट्रस्टनी. ट्रिपल ए म्हणून घेतले, कारण कंपन्यांचे रोखे घ्यायचे तर वरच्या पतमानांकनाचेच घ्यायचे असा त्यांना नियम. त्यातले बरेच रोखे विनातारण. माझे पती ज्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याचा स्वतःचा ट्रस्ट आहे, आणि त्या वर्षी व्याज जाहीर करायला किती उशीर झाला ते आम्ही भोगले आहे. विचारायला गेलो की क्लार्क म्हणायचा, वरून आले की सांगू.

मांडवीकरभाऊ, तुम्ही पुरवठादारांना रांगेतून बाहेर काढा म्हणता. ठीक आहे. पण ते पैसे कोणाच्या वाट्यातून जाणार? बँक आपला वाटा सोडणार नाही, तिच्याकडे तारण आहे. जाणार ते आमच्यातून. साठी उलटलेल्या माणसाने दुसरा जेसीबी भाड्याने देऊन भरपाई करायची का?

सरकारने या प्रकरणात एक गोष्ट खरोखर चांगली केली असेल तर ती ही, की कायद्याच्या ठराविक उतरंडीत विनातारणवाल्यांना जवळजवळ काहीच मिळाले नसते, तिथे प्रमाणात वाटा देण्याची चौकट पुढे आली आणि मार्च २०२० मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ती मान्य केली. ती मोडू नका.

मांडवीकर

वैशालीताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वात अवघड आहे आणि त्याला सरळच उत्तर देतो. कंपनी बुडाल्यानंतर मी कोणालाच रांगेतून बाहेर काढा म्हणत नाही. एकदा सगळे एका भांड्यात आले की प्रमाणात वाटणेच न्यायाचे, त्यात तुमचा हक्क मेहुण्याच्या हक्काएवढाच. मी म्हणतो ते भांड्यात यायच्या आधीचे. पुलाच्या सळईसाठी मिळालेला पैसा हा सळईवाल्याचा आहे. मुख्य कंपनीने तो मध्येच फिरवून दुसऱ्या रस्त्याचे व्याज भरायला वापरला तर तो तुमच्या रोख्यांचेही खरे चित्र लपवतो. व्याज वेळेवर येत होते म्हणून तर पतमानांकन टिकले. ते कोणाच्या थकलेल्या बिलांवर टिकले होते, हे आधी दिसले असते तर तुमच्या ट्रस्टने ते रोखे घेतलेच नसते.

इथिओपियाचे आठवते का? २०१८ च्या नोव्हेंबरात तिथल्या रस्त्याच्या कामावर पगार थकले आणि स्थानिक कामगारांनी आय एल अँड एफ एसच्या सात भारतीय कर्मचाऱ्यांना कॅम्पमध्ये अडकवून ठेवले. पगार थांबवण्याचा निर्णय त्या सात जणांचा नव्हता. मुंबईत नवे मंडळ येऊन जवळपास दोन महिने झाले होते. वरची व्यवस्था किती शिस्तीत बदलली याचे कौतुक करताना खाली काय चालले होते तेही धरा.

आर अँड बी निवृत्त

हे पटते. आणि मनात आले तर सरकारला वेगाने हलता येते, हेही दिसले आहे. झोजिला बोगद्याचे काम याच गटाकडे होते. जानेवारी २०१९ मध्ये करार रद्द केला, २०२० मध्ये मेघा इंजिनिअरिंगला दिले. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतला (वित्त व्यवसायासाठी वसवलेल्या शहरातला) यांचा ५० टक्के हिस्सा गुजरात सरकारने २०२० मध्ये ३२.७१ कोटींना घेऊन टाकला. जिथे प्रकल्प अडून चालत नव्हते तिथे मार्ग निघाला.

रावपुरा सीए

प्रकल्पाचा करार रद्द करणे आणि साडेतीनशे कंपन्यांच्या खाली कोण कोण होते ते शोधणे यात जमीनअस्मानाचा फरक आहे. लेखापरीक्षकांचेच बघा: दोन मोठ्या फर्मवर पाच वर्षांच्या बंदीसाठी सरकारने पाऊल उचलले, उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अडवले, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वाट मोकळी केली. नावानिशी माहीत असलेल्या दोघांना इतकी वर्षे लागली. माझे मत बदललेले नाही. बुडाल्यानंतर सरकारने केले ते योग्यच होते. करार लिहितानाच्या सुधारणेला माझा विरोध नाही, पण त्याला सरकारची बुडाल्यानंतरची चूक म्हणू नका.

मांडवीकर

चूकच म्हणेन. एवढे मोठे प्रकरण डोळ्यांसमोर असताना पुढच्या टेंडरमध्ये तेच जुने कलम छापले, ती त्या प्रतिसादातलीच चूक. आर अँड बीवाले काका, दर्जाचा तुमचा मुद्दा राहिला. रिटेन्शन मुख्य कंत्राटदाराकडूनच कापा, गॅरंटी त्याचीच ठेवा, पैसे फक्त वेगळ्या खात्यातून सोडा. चालेल का?

आर अँड बी निवृत्त

बिलाच्या कामात चालेल. पेटा कंत्राटदाराची वर्क ऑर्डर रनिंग बिलासोबत जोडणे सक्तीचे करा आणि मागच्या बिलातले त्याचे पैसे पोचल्याची पावती असल्याशिवाय पुढचे बिल पास करू नका. बीओटीसाठी कर्ज देणाऱ्या बँकेलाच अट घालावी लागेल की बांधकामाचा हप्ता सोडताना खालच्यांची यादी घे. बँका कुरकुरतील. कलमाचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे, रविवारी टाकतो. वैशालीताई, तुमच्या ट्रस्टच्या बाजूने त्यात काही हवे असेल तर आधी सांगा.

अलकापुरीची वैशाली

हवे आहे. थकलेल्या बिलांची बेरीज दर तिमाहीला जाहीर करायची, रोखे घेणाऱ्यांना दिसेल अशी. ते कलम पहिले घाला.